खताचा ढीग उलटताना : धुळीतली बुरशी आणि तिचं विष

कंपोस्टचा ढीग उलटताना राखाडी-हिरवट धूळ उडते, ती नुसती माती नसते. त्यात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस या बुरशीचे बीजाणू असतात. ५० अंशांच्या गरम ढिगात वाढणारी ही बुरशी. आपल्या अंगातले ३७ अंश तिला सोपेच.

ती अ‍ॅस्प-हिमोलायसिन नावाचं विषारी प्रथिन बनवते. प्रयोगशाळेत ते रक्ताच्या तांबड्या पेशींत मिसळलं की पेशी फुटतात, आतलं हिमोग्लोबिन बाहेर येतं. घाबरू नका, धूळ नाकात गेली म्हणून अंगातलं रक्त फुटत नाही. निरोगी शरीर बीजाणू मारून टाकतं. बुरशी फुप्फुसात रुजली तर धोका, आणि तेव्हाही हे विष तिच्या अनेक हत्यारांपैकी एकच.

रुजते कुणाच्या? टीबी बरा झाला, पण फुप्फुसात पोकळी राहिली, अशांना जास्त भीती. पोकळीत बुरशीचा गोळा तयार होतो, खोकल्यातून रक्त पडतं आणि घरचे म्हणतात, टीबी उलटला! अशा वेळी डॉक्टरांना खताच्या कामाचं जरूर सांगा. या मंडळींनी, दमेकऱ्यांनी आणि स्टेरॉइड चालू असणाऱ्यांनी ढीग उलटायला जाऊच नये.

बाकीच्यांनी आधी ढिगावर पाणी मारा, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा, एन-९५ मास्क लावा. उपरणं बांधून भागत नाही. बीजाणू २-३ मायक्रॉनचे असतात.

आणि बुरसटलेला कडबा गाभण गाईला घालू नका. याच बुरशीने गाभ पडू शकतो.