चुण्या त्याच, मग नवीन काय?

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर आधी पोटात गोळाच आला. मी कॉन्व्हेंटची, ऱ्हस्व-दीर्घाची नुसती बोंब. चुकलं तर सांभाळून घ्या.

सेमिनारसाठी मी विषय घेतला होता इस्सी मियाके या जपानी डिझायनरचे चुण्यांचे कपडे. रूममेटने फोटो पाहिले आणि सुरूच झाली, "अगं, १९९३ चा ड्रेस कुठला, आत्ताचा कुठला, सांग बघू! रंग बदलून तेच विकतात. आपण जर्नल कॉपी केलं की सर फेकून देतात, आणि याला लक्झरी म्हणायचं?"

वर तिने फॉर्च्युनीचं नाव काढलं. तेही खरंच होतं. व्हेनिसमध्ये मारियानो फॉर्च्युनीने १९०७ च्या सुमारास बारीक चुण्यांचा रेशमी 'डेल्फोस' गाऊन केला आणि १९०९ मध्ये पेटंटही घेतलं. म्हणजे चुण्या मियाकेच्या नव्हेतच! मी गप्प.

पण आपण इंजिनियर ना, मटेरियल बघायला नको? रेशीम भिजलं की डेल्फोसच्या चुण्या जायच्या. गाऊन पुन्हा फॉर्च्युनीकडे पाठवावा लागायचा. पॉलिएस्टर थर्मोप्लास्टिक आहे. तापवल्यावर त्याच्या लांब साखळ्या थोड्या सैल होतात, आणि घडीत दाबून थंड केलं की तिथेच बसतात. माझ्या शाळेच्या टेरिकॉटच्या स्कर्टला आई रविवारी एकदा इस्त्री करायची, शनिवारपर्यंत प्लीट्स जागेवर. ते हेच!

मियाकेची खरी गंमत क्रमात आहे. सहसा कापडाला आधी चुण्या घालतात, मग ते शिवतात. याने उलटं केलं. कपडा दोन-तीन पट मोठा कापून, शिवून घ्यायचा, मग कागदांच्या मध्ये ठेवून गरम प्रेसमधून काढायचा. आकार आणि चुण्या एकदमच पक्क्या. धुवा, गुंडाळून बॅगेत कोंबा, इस्त्री नको. १९९१ मध्ये विल्यम फोर्सिथच्या फ्रँकफर्ट बॅलेच्या नर्तकांनी असे कपडे घातले, आणि १९९३ मध्ये 'प्लीट्स प्लीज' बाजारात आलं. त्याला जीन्स-टीशर्टसारखे रोजचे कपडे करायचे होते. मग दरवर्षी बदलायचे कशाला? स्क्रू दरवर्षी नवा शोधतात का?

शिवाय तो तिथेच थांबला नाही. १९९८ च्या सुमारास दाई फुजिवारासोबत 'ए-पॉक' केलं, ज्यात मशीनमधून निघालेल्या कापडाच्या नळीतून गिऱ्हाइकाने कपडा नुसता कापून घ्यायचा. २०१० च्या '१३२ ५.' मध्ये तर चपट्या भौमितिक घडीतून उचलला की पूर्ण ड्रेस!

रूममेटचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. मियाके २०२२ मध्ये गेला, चुण्या विकणं चालूच आहे. आणि रोजचे कपडे म्हणे! एका टॉपमध्ये आमची सेमिस्टरभराची मेस निघेल.

सेमिनारला सरांनी विचारलंच, "यात तुझं काय?" मी दोन रुमाल पुढे केले, एक सुती, एक पॉलिएस्टरचा. दोन्ही ड्रॉइंग शीटमध्ये घडी घालून इस्त्रीने दाबलेले, मग रात्रभर बादलीत भिजवून वाळवलेले. सुती सपाट झाला होता, पॉलिएस्टरच्या चुण्या बऱ्यापैकी शाबूत.

२५ पैकी १९ मिळाले. सहा ओरिजिनॅलिटीचे गेले, असं रूममेटचं म्हणणं.