ठेवावे कसे, सापडावे कसे

(सभासद कुटुंबांच्या अभ्यासासाठी)

वस्तू हरवणे व वस्तू न सापडणे या दोन गोष्टी वरवर एकच वाटल्या तरी त्या वेगळ्या आहेत. हरवलेली वस्तू घराबाहेर गेलेली असते. न सापडणारी वस्तू घरातच असते. आपल्या कुटुंबांतून नित्य चालणाऱ्या शोधाशोधीचा विचार केल्यास तीत हरवण्याचा भाग थोडा व न सापडण्याचा भाग फार मोठा आहे, असे दिसून येईल. शाळा सोडल्याचा दाखला, घराचे खरेदीखत, विम्याचा कागद, डॉक्टरांनी दिलेली औषधांची चिठ्ठी, कुळाची वंशावळ, हे सर्व कोणीतरी जपूनच ठेवलेले असते. 'अगदी जपून ठेवले आहे' एवढे ठेवणाऱ्यास पक्के आठवते. कोठे, ते मात्र आठवत नाही.

यावर सर्वत्र एकच उपदेश केला जातो, तो शिस्तीचा. दिवाळीपूर्वी कपाटे आवरली जातात, नव्या फायली आणल्या जातात, त्यांवर सुवाच्य अक्षरांत नावे घातली जातात. आणि संक्रांतीपर्यंत सर्व पूर्ववत होते. मग घरातील माणसे एकमेकांस आळशी म्हणू लागतात. आमच्या मते यात आळसाचा दोष पुष्कळदा नसतोच. ती मांडणी कोणाचे तरी पाहून केलेली असते. ती वापरणाऱ्याच्या मनाची ठेवण निराळी असते. म्हणून मांडणी करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा: ही वस्तू पुढे हवी झाली, तर तिच्यासंबंधी पहिला विचार आपल्या मनात कोणत्या शब्दाने येईल? त्या शब्दाखाली ती वस्तू ठेवावी. या लेखाचे सार एवढेच आहे. ते नीट उमगावे म्हणून आपल्याच परंपरेतील काही उदाहरणे प्रथम पाहू.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार इत्यादी क्षेत्री तीर्थोपाध्यायांपाशी यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात, हे आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. यात्रेकरू समोर येताच उपाध्याय प्रथम विचारतात, "मूळ गाव कोणते? आडनाव काय?" एवढ्यावरून ते वही काढतात व आपल्या पणजोबांच्या आगमनाची नोंद आपल्यापुढे ठेवतात. या नोंदी केवळ तारखेच्या क्रमाने असत्या तर काय झाले असते? पणजोबा कोणत्या साली यात्रेस आले होते हे पणतूस ठाऊक नसते. तेच तर तो विचारावयास आलेला असतो. गाव व आडनाव मात्र त्यास ठाऊक असते. येणाऱ्यास जे ठाऊक असेल, तेथूनच वाट काढावयाची, हे या वह्यांचे मर्म होय.

अमरकोशातील दोन क्रम

अमरसिंहाचा अमरकोश ज्यांनी लहानपणी पाठ केला असेल त्यांना आठवेल की, त्याची तीन कांडे असून त्यांतील शब्द बहुतांशी विषयवार आहेत. स्वर्गवर्गात देवांची नावे, वनौषधिवर्गात वनस्पतींची नावे, अशी ती योजना आहे. ग्रंथ मुखोद्गत करावयाचा असल्याने, एका विषयाचे शब्द एकत्र असणे पाठ करणाऱ्यास सोयीचे होते. याउलट मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) वर्णानुक्रमाने लावलेला आहे, कारण तो पाठ करण्यासाठी नसून अडलेला शब्द उघडून पाहण्यासाठी आहे.

विशेष असे की, खुद्द अमरसिंहानेही सर्वत्र एकच क्रम ठेवलेला नाही. तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात, जेथे एकाच शब्दाचे अनेक अर्थ द्यावयाचे आहेत, तेथे त्याने शब्दांच्या अंत्य व्यंजनाप्रमाणे क्रम लावला आहे. 'या वस्तूला कोणकोणते शब्द आहेत?' हा पहिला प्रश्न. 'या शब्दाचे कोणकोणते अर्थ आहेत?' हा दुसरा. प्रश्न पालटला, तेव्हा मांडणीही पालटली.

एकच सूत्रे, दोन मांडण्या

पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय, प्रत्येकी चार पाद व सुमारे ४००० सूत्रे आहेत. तीत मागील सूत्रातील पद पुढील सूत्रांत चालू राहते, म्हणून सूत्रे अत्यंत आटोपशीर झाली आहेत. ज्याने सर्व अष्टाध्यायी कंठस्थ केली त्याला हा क्रम उत्तम होय. पण एखाद्या शब्दाचे रूप कसे सिद्ध होते एवढेच ज्यास पाहावयाचे आहे, त्यास लागणारी सूत्रे ठिकठिकाणी विखुरलेली असतात. म्हणून सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत तीच सूत्रे संधी, नामरूपे, समास, धातू अशा प्रकरणांनी लावून दिली. पुढे त्यांचे शिष्य वरदराज यांनी विद्यार्थ्यांसाठी लघुसिद्धान्तकौमुदी रचली. सूत्रे पाणिनीचीच राहिली. वापरणारा पालटल्याने क्रम तेवढा पालटला. यांतील एक क्रम खरा व दुसरा खोटा, असे कोणी म्हणणार नाही.

बडोद्याचे ग्रंथालय व रंगनाथन यांचा विचार

बडोदेकरांना तर याचे उदाहरण घराजवळच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांस बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली. त्या काळी ड्यूई यांची दशांश पद्धत (१८७६) प्रसिद्ध होतीच. तथापि बॉर्डन यांनी ती जशीच्या तशी न उचलता, तिच्या व अन्य पद्धतीच्या आधारे येथील संग्रहासाठी स्वतंत्र वर्गीकरण रचले.

पुढे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. एकाच ग्रंथास अनेक अंगे असतात. तो कशाविषयी आहे, कोणत्या क्रियेविषयी आहे, कोणत्या स्थळाविषयी व कोणत्या काळाविषयी आहे, हे सर्व पाहून त्याची जागा ठरवावी, असा त्यांचा विचार होता. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या आपल्या पाच नियमांत (१९३१) स्पष्टपणे गणले आहे. जे ग्रंथालयास लागू, तेच घरच्या कपाटासही लागू आहे. एका कागदास अनेक अंगे असतात. आपल्या मनास त्यांपैकी कोणते अंग प्रथम दिसते, तेवढे ओळखावयाचे.

एका घरात तीन मने

आमचे वडील मंदिरात पूजाअर्चा करतात. त्यांच्या स्मरणात सर्व गोष्टी तिथीने राहतात. घराच्या छपराची दुरुस्ती केव्हा झाली, असे विचारले तर ते इसवी सन सांगणार नाहीत. "त्या वर्षी श्रावण अधिक होता," असे सांगतील, व हिशेब केला असता ते बरोबर निघते. आमच्या मातोश्रींच्या स्मरणात जागा राहते: "देव्हाऱ्याखालच्या खणात, डाव्या हाताला, तांबड्या फडक्यात." आम्हांस स्वतःस नावावाचून काही आठवत नाही.

मंदिरातील अभिषेकाची नोंदवही तिथीवार आहे, व ती तशीच असणे योग्य आहे. कारण उद्या कोणाचा अभिषेक आहे हे वडिलांना तिथीवरूनच पाहावयाचे असते. परंतु भाविक येतात ते नाव घेऊन. "आमच्या आजोबांच्या नावाचा अभिषेक कोणत्या दिवशी असतो?" असे ते विचारतात. वडील समोर असले की उत्तर मुखी तयार असते. ते परगावी गेले की वहीची पाने चाळावी लागतात. यास्तव आम्ही मूळ वहीस हात न लावता, तिच्या शेवटी आडनावांची वर्णानुक्रमे सूची जोडली व प्रत्येक नावापुढे पानाचा अंक घातला. वडिलांची मांडणी मोडली नाही आणि विचारणाऱ्यासही वाट मिळाली.

आपले मन कसे ओळखावे

साधारणतः मनुष्य चार वाटांनी वस्तू आठवतो: नावाने, काळाने, जागेने किंवा प्रसंगाने. आपली वाट कोणती, हे तर्काने ठरवू नये. आठ दिवस खिशात लहानशी वही ठेवावी. जेव्हा जेव्हा काही शोधावे लागेल, तेव्हा मनात आलेला पहिला शब्द लिहून ठेवावा. 'गेल्या पावसाळ्यातला' असे आले तर काळ. 'वरच्या फळीवरचा' असे आले तर जागा. 'ताईच्या लग्नातला' असे आले तर प्रसंग. 'वीजबिल' असे आले तर नाव. वीसपंचवीस नोंदी झाल्या की आपला कल आपोआप दिसेल. मग पुढील गोष्टी कराव्या.

१. विभाग थोडे करावे. पाच ते सात पुरेत. विभाग फार झाले की प्रत्येक कागद ठेवताना विचार पडतो, आणि विचार पडला की कागद टेबलावरच राहतो.

२. विभागांची नावे आपल्या बोलीतील घालावी. मनात 'दवाखाना' हा शब्द येत असेल तर पाकिटावर 'वैद्यकीय अभिलेख' असे लिहू नये.

३. आलेल्या कागदांसाठी एकच टोपली असावी व ती ठरलेल्या वारी रिकामी करावी. रोज जमणार नाही असा नियम करूच नये.

४. एखादा कागद दोन ठिकाणी शोभत असेल तर तो एका ठिकाणी ठेवून दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठी घालावी. दवाखान्याचे बिल आयकराच्या पाकिटात ठेवले, तर दवाखान्याच्या पाकिटात 'बिल आयकरात पाहा' एवढे लिहिलेला कागद असावा.

५. मोबाइल व संगणक यांसही हाच न्याय लावावा. मोबाइल छायाचित्रे आपणच काळाच्या क्रमाने लावतो. म्हणून काळाने आठवणाऱ्यास दाखल्याचे छायाचित्र चटकन सापडते, व नावाने आठवणारा शेकडो चित्रे सरकवीत बसतो. अशाने प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची प्रत नाव देऊन वेगळी ठेवावी. काळाने आठवणाऱ्याने फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. नावाने आठवणाऱ्याने आधी माणसाचे नाव घालावे.

आपल्यामागे काय?

येथवर आपण आपल्या मनास साजेल अशी मांडणी करण्याचे सांगितले. परंतु एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. आमच्या परिचयातील एका घरी कर्ते गृहस्थ अकस्मात निवर्तले. ते अत्यंत टापटिपीचे होते. त्यांचा प्रत्येक कागद पाकिटात व प्रत्येक पाकिटावर तारीख. त्यांना स्वतःला हवा तो कागद क्षणात मिळत असे. पण विमा कोणत्या तारखेस उतरविला, हे त्यांच्या पत्नीस कोठून ठाऊक असणार? दुखवट्याच्या दिवसांत त्या माउलीस एकेक पाकीट उघडून पाहावे लागले. कागद अखेर मिळाला. पण प्रत्येक पाकिटातून पतीचे अक्षर पुन्हा पुन्हा समोर येत होते, आणि ज्या दिवसांत स्वस्थ बसून रडण्याचा तिचा हक्क होता, ते दिवस शोधण्यात गेले. त्या गृहस्थांच्या शिस्तीत काही उणे नव्हते. दुसऱ्याच्या मनातून त्या शिस्तीत शिरण्यास दार तेवढे नव्हते.

ते दार म्हणजे एक पानाचे किल्लीपत्रक होय. त्यात चार रकाने असावे: वस्तूचे नाव, ठेवण्याची जागा, घरात आणखी कोणास ठाऊक आहे, आणि शेवटी केव्हा पाहिली. घर, बँक, विमा, निवृत्तिवेतन, आधार व पॅन, दाखले, औषधे, आणि घराण्यातील श्राद्धतिथी, एवढ्या नोंदी असल्या तरी पुष्कळ झाले. गुप्त अंक त्यात लिहू नयेत. ते कोठे मिळतील एवढेच विश्वासाच्या एका माणसास सांगून ठेवावे. आपण तिथीने मांडा, जागेने मांडा की प्रसंगाने मांडा, किल्लीपत्रक मात्र नावाने असावे. कारण संकटात सापडलेल्या माणसाजवळ बहुधा वस्तूचे नावच तेवढे असते. दर वर्षपाडव्यास ते पत्रक एकदा वाचून नवे करावे.

या महिन्याचा अभ्यास

(१) घरातील प्रत्येकाने आठ दिवस शोधवही ठेवावी व रविवारी सर्वांनी एकत्र बसून ती वाचावी. कोणाचे मन कोणत्या वाटेने चालते हे कळले, की एकमेकांवरील राग पुष्कळ कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

(२) वडीलधाऱ्यांपाशी बसून त्यांच्या स्मरणातील श्राद्धतिथी, नवसाचे वार, जुन्या कागदांच्या जागा लिहून घ्याव्या. त्यांच्या क्रमानेच लिहाव्या. सूची मागाहून जोडता येते.

(३) किल्लीपत्रक घरातील दुसऱ्याच्या हाती द्यावे व तीन वस्तू शोधून आणण्यास सांगावे. आपण त्या वेळी एक शब्दही बोलू नये. तिन्ही वस्तू मिळाल्या तर मांडणी साधली असे समजावे. एखादी न मिळाली तर शोधणाऱ्यास बोल न लावता त्याने प्रथम कोठे हात घातला ते पाहावे, आणि तेथे एक चिठ्ठी ठेवावी.

इत्यलम्.