पहिली दिवाळी येईपर्यंत

आईबाबांनो, बारावीचा निकाल लागला, साखर वाटून झाली आणि आता घरात एकच बोलणे सुरू असेल. पोराला शिकायला बाहेर पाठवायचे की नाही? डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर दरवर्षी या दिवसांत हे बोलणे माझ्या कानावर येते. "एवढ्या लांब त्याला जमेल का?" असे तुम्ही विचारता. मला वाटते, पोराला जमते. घराची तयारी कमी पडते. कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेली जी मुले-मुली मी पाहते, त्यांतली बरीचशी नापास होऊन आलेली नसतात. पैसे संपले, एखादा कागद अडकला, खोलीचे जमले नाही, म्हणून ती दिवाळीला घरी आली आणि परत गेलीच नाहीत. म्हणून आज प्रवेशापासून पहिल्या दिवाळीपर्यंतच्या महिन्यांबद्दलच बोलते. तेवढे निभावले की पुढचा रस्ता मूल स्वतः काढते.

आधी एक सांगते. जो विषय हवा तो जवळ मिळत असेल तर जवळच घ्या, त्यात कमीपणा नाही. तलासरीला गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे, बोरडीला विज्ञान महाविद्यालय आहे, पालघरला दांडेकर कॉलेज आहे. पण नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, शेतकी यांचे प्रवेश गुणांच्या यादीने होतात. यादीत जिथे नाव लागेल तिथे जावे लागते, मग ते नाशिक असो, पुणे असो की कर्जत. अशा वेळी "लांब आहे" म्हणून जागा सोडू नका. ती जागा पुढच्या वर्षी राखून ठेवलेली नसते.

जाऊन-येऊन करण्याचा विचार प्रत्येक घरात होतो. 2013च्या एप्रिलपासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे पालघर-बोईसरचे कॉलेज घरून करणे सोपे झाले. विरारपर्यंतही धडधाकट मूल निभावून नेते. त्यापुढे मात्र मी घरून करू नका असेच सांगेन. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर 124 किलोमीटर आहे, आणि विरारच्या अलीकडे गाड्या मोजक्या आहेत. एक गाडी चुकली की अर्धा दिवस गेला. त्यात आतल्या गावांना स्टेशन जवळ नाही. उधव्याच्या किंवा धुंदलवाडीच्या पोराने पाड्यावरून हमरस्ता गाठायचा, तिथून शेअर गाडीने उंबरगाव किंवा डहाणू गाठायचे, मग गाडी पकडायची. पहाटे निघालेले मूल रात्री घरी येते, जेवते आणि झोपते. अभ्यास कधी करणार? प्रॅक्टिकल बुडतात, हजेरी कमी पडते आणि शेवटी दोष पोराच्या डोक्याला लागतो. मुलींच्या बाबतीत तर रात्री स्टेशनपासून पाड्यापर्यंतची वाट मला शहरापेक्षा जास्त काळजीची वाटते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला ती वाट रोज तुडवावी लागत नाही. "मुलगी आहे, लांब नको" म्हणणाऱ्या बापांनी याचा नीट विचार करावा.

जे घरूनच जाणार, त्यांनी पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसातून सवलतीच्या पासचा कागद घ्यावा. रेल्वेच्या पासात विद्यार्थ्यांना सवलत आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ती आणखी जास्त आहे. एसटीच्या पासातही विद्यार्थ्यांना दोनतृतीयांश सूट मिळते. कागदासाठी रांग असते म्हणून मुले पहिला महिना पूर्ण तिकीट काढून घालवतात आणि तिथेच खिसा रिकामा होतो.

आता राहण्याचे. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे जिल्ह्यात आणि मोठ्या शहरांत आहेत, पण जागा मुलांपेक्षा कमी. ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, ती 2016मध्ये सुरू झाली. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्यासाठी तिच्यात वर्षाला 60,000 रुपये ठरले. त्यांत 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे आणि 8,000 वरखर्चाचे. इतर महापालिकांच्या शहरांसाठी 51,000. इथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. ही योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहे. त्यामुळे "मला काही नंबर लागणार नाही" असे म्हणून वसतिगृहाचा अर्जच भरला नाही, तर योजनेचे दारही बंद होऊ शकते. आधी वसतिगृहाचा अर्ज भरा, त्याची पावती जपून ठेवा. डहाणू आणि तलासरीसाठी आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प ऑफिस डहाणूलाच आहे. तिथे जाऊन त्या वर्षीचे नियम आणि शेवटची तारीख तोंडी विचारून या, गावातल्या कोणाच्या सांगण्यावर राहू नका.

आदिवासी नसलेल्या घरांनीही हे वाचून सोडून देऊ नये. मागास, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. किनाऱ्यावरच्या गावांत यांची नावेही मी फारशी ऐकत नाही, याचे वाईट वाटते.

पण हा पैसा हातात कधी येतो? खरी अडचण इथे आहे. तो हप्त्यांनी येतो, अर्ज तपासून झाल्यावर येतो, हजेरी बघून येतो. कॉलेज सुरू झाल्या दिवशी येत नाही. पहिला हप्ता दिवाळीच्या आत आला तर चांगलेच, पण तसे धरून चालू नका. खोलीची अनामत, पहिले भाडे, खानावळ, गादी-बादली, पुस्तके, हे सगळे पहिल्या पंधरा दिवसांत लागते. म्हणून मुलाचे निदान चार महिने स्वतःच्या पैशावर निघतील एवढी तजवीज प्रवेशाआधी करा. भाताचे, चिकूच्या वाडीतल्या मजुरीचे, बोटीवरच्या उचलीचे, जे काही असेल त्यातले बाजूला काढा. नाहीच जमले तर बचत गटातून घ्या, पण वीटभट्टीच्या मुकादमाकडून पोराच्या नावावर उचल घेऊ नका. ती उचल फेडायला पोरालाच भट्टीवर जावे लागते. राहण्याचे 20,000 दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला 2,000 पडतात. तेवढ्यात मुंबईच्या आसपास एकट्याला खोली मिळत नाही. गावातल्याच, ओळखीच्या तिघाचौघांनी मिळून खोली घ्यावी, आणि हे जुळवण्याचे काम पालकांनी एकमेकांच्या घरी जाऊन करावे. मुलांना अनोळखी शहरात ते नेमके सुरुवातीलाच जमत नाही.

बँकेचे खाते मुलाच्या नावाचे हवे आणि आधारला जोडलेले हवे. योजनांचा पैसा आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. शहरात गेल्यावर मूल नवे खाते उघडते, ते आधारला जोडले जाते, आणि घरचे लोक जुन्या पासबुकावर नोंद बघत बसतात. पैसा आलाच नाही म्हणून मुलाला परत बोलावायच्या आधी बँकेत जाऊन खाते कोणते जोडले आहे ते विचारा. नावांचेही तसेच. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बापाचे नाव कुठे सोमा तर कुठे सोम्या. एका अक्षरासाठी अर्ज परत येतो. बारावीच्या वर्षातच सगळे कागद एकाखाली एक ठेवून नावे जुळतात का ते बघा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या बाईंना, गुरुजींना दाखवा. आश्रमशाळेत हे काम करून देणारे कोणीतरी नक्की भेटते.

जात वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा. व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाला तो कागद मागतात आणि तो ऐनवेळी मिळत नाही. आजोबा, चुलत आजोबा, काका यांच्यापैकी जो कोणी शाळेत गेला असेल त्याच्या शाळेतला दाखला काढा. जुन्या पिढीतले कोणी शाळेतच गेले नसेल तर जमिनीचे जुने फेरफार, जन्म-मृत्यूची जुनी कोतवाल नोंद शोधा. वडिलांकडच्या सख्ख्या नात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत जोडा. त्यासाठी भावकीत अबोला असला तरी जाऊन मागा. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा लागतो, हेही विसरू नका. आणि मूळ कागद कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. तपासून ते परत द्यायचे असतात, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) 2018मध्ये तसे बजावले आहे. मूळ कागद घरी पत्र्याच्या पेटीत, उंदरांपासून दूर, आणि झेरॉक्सचा एक गठ्ठा मुलाजवळ.

ही धावपळ करायची कधी? ज्या घरांतले बाप-भाऊ बोटींवर खलाशी आहेत, गुजरातच्या बंदरांत जातात, त्यांच्यासाठी वेळ ठरलेलीच आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाप घरी असतो, आणि तेच प्रवेशाचे दिवस. सह्या, बँक, तहसील, प्रकल्प ऑफिस ही सगळी कामे त्या दोन महिन्यांत उरका. बोट पाण्यात गेली की बापाची सही महिनोन्महिने मिळत नाही. पण हेच दिवस आवणीचे, हेही मला ठाऊक आहे. शेतात माणूस कमी पडतो. तरी आवणीचे दोन दिवस मागे-पुढे होतात, प्रवेशाच्या फेरीची तारीख होत नाही. त्या दोन महिन्यांत पोराला शेतावरून मोकळे करा.

असाच दुसरा पेच ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. भाताची कापणी आणि कॉलेजची सत्र परीक्षा एकाच वेळी येतात. "दोन दिवस येऊन जा, कापणी आहे" असा फोन पोराला करू नका. तुमच्यासाठी ते दोन दिवस असतात, त्याच्यासाठी एक पेपर असतो. तो नाही म्हणणार नाही, आईबापाला नाही म्हणायची आपल्या पोरांना सवय नाही. म्हणून फोनच करू नका.

दिवाळीनंतर बरीच घरे वसई-भिवंडीकडे भट्ट्यांवर जातात. पाड्यावर घराला कुलूप असते. सुट्टीत पोराने यायचे कुठे? याचा विचार मी फार थोड्या घरांत होताना पाहिला आहे. वसतिगृह सुट्टीत बंद झाले तर मूल कोणाकडे उतरेल, ते निघण्याआधी ठरवा. आत्या, मामा, शेजारी, कोणीही, पण नक्की ठरवा आणि मुलाला सांगा. भट्टी कोणत्या गावात आहे, मालकाचा फोन काय, हे त्याच्या वहीत लिहून द्या. वसतिगृहाच्या गृहपालांकडे दोन नंबर द्या, एक तुमचा आणि एक गावात कायम राहणाऱ्याचा. 2018च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे भूकंपाचे धक्के बसू लागले. बातमी कानावर पडली की लांबची पोरे घाबरून फोन लावतात, आणि इकडे कोणी उचलत नाही. त्या वेळी गावातला दुसरा नंबर फार उपयोगी पडतो.

जाताना त्याच्यासोबत घरचा तांदूळ द्या, नाचणीचे पीठ द्या, सुकट द्या. खोली करून राहणाऱ्या मुलांचा खानावळीचा खर्च त्याने बराच वाचतो, आणि पहिल्या महिन्यात चपातीला कंटाळलेल्या पोराला भात मिळतो. बोलण्यावरून कोणी हसले तर त्याने गप्प बसू नये हेही सांगा. त्याची बोली चुकीची नाही. छळ करणारे कोणी भेटले तर रॅगिंगविरोधी मोफत फोन 1800-180-5522 हा आहे, तो मोबाइलमध्ये आधीच घालून द्या.

आपल्या भागाला एक मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोरडीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर काम करत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, हे त्यांनी धरले आणि पाड्यावर, अंगणात, गुरे चरायच्या कुरणात शाळा भरवली. कॉलेज मात्र पाड्यावर येणार नाही. ते अंतर आता घराला कापायचे आहे. तुम्ही अक्षर शिकला असाल किंवा नसाल, यातले प्रत्येक काम तुमच्या हातचे आहे.

आणि शेवटचे, एकदा तरी त्याच्यासोबत जा. प्रवेशाच्या दिवशी नाही जमले तर गौरी-गणपतीच्या आधी जा. कोणत्या गाडीने जातो, कुठे उतरतो, झोपतो कुठे, जेवतो कुठे, हे डोळ्यांनी बघा. गृहपालांना भेटा, खोलीमालकाला भेटा, शेजारच्या पोरांची नावे विचारा. मुलीला पाठवत असाल तर आईने जावे. बापापुढे न बोललेल्या गोष्टी पोरी आईपाशी बोलतात, आणि एसटीत 2023पासून बायकांना अर्धेच तिकीट आहे.