वनहक्क : पुराव्याचा भार कोणावर?

सरपण, बांबू, मोहफुले, तेंदूपाने आणि गुरांची चराई यांवर वनालगतच्या गावांची गुजराण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हा वापर रूढीने चाले. त्याचा लेखी पुरावा क्वचितच असे. वसाहतकालीन कायद्याने नेमके याच उणिवेवर बोट ठेवले.

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवने असे वर्गीकरण केले. राखीव वन घोषित करताना वन जमाबंदी अधिकारी जाहीरनामा काढीत. किमान तीन महिन्यांच्या मुदतीत मागितला न गेलेला आणि चौकशीतही न आढळलेला हक्क सामान्यतः संपुष्टात येई. १९२७ च्या कायद्यानेही हीच पद्धत कायम ठेवली. निरक्षर ग्रामस्थांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच होता, की कालचा हक्क आज सवलत ठरला आणि उद्या अपराध. १९३० साली चिरनेर व बिळाशी येथे झालेल्या जंगल सत्याग्रहामागे हाच असंतोष होता.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींवरील ऐतिहासिक अन्याय मान्य केला. हक्कनिश्चितीची सुरुवात करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आले.

तथापि, हक्काची मान्यता म्हणजे हक्काचा उपभोग नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. नव्या कायद्यानुसार बांबू हे गौण वनोपज होते. १९२७ च्या कायद्यात मात्र त्याची गणना वृक्षांत होती. त्यामुळे बांबू गावाचा असूनही वाहतूक परवान्यावाचून तो विकता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती २०१७ साली झाली.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी सीमा, चराईच्या वाटा, पाणवठे व देवस्थाने यांची नोंद ग्रामसभेत करून घ्यावी. शिक्षकांनी वृद्धांची निवेदने लिहून देण्यास साहाय्य करावे. अधिकाऱ्यांनीही केवळ कागद नाही म्हणून दावा फेटाळू नये. कागदाअभावी गेलेला हक्क पुन्हा कागदाअभावीच अडू नये, यातच या कायद्याचे सार्थक आहे.