ही टोपी नव्हे, इरले आहे



या अंकातील अभ्यासासाठी एक अगदी साधी वस्तू घेऊ या. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील मुलांना घेऊन आम्ही एका संग्रहालयात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण अशी चूक कोणाकडूनही होते. काचेच्या कपाटात बांबूच्या कामट्यांची, पाने भरलेली एक मोठी वस्तू उभी केलेली होती आणि खाली पाटी होती : 'आदिवासी टोपी'. आमच्यातली सातवीची एक मुलगी पाटी वाचून हसू लागली. "ही टोपी नाय, इरलं हाय. आणि उलटं ठेवलंय."

ज्यांनी इरले पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताच्या आवणीत माणूस दिवसभर कमरेत वाकलेला असतो आणि दोन्ही हात चिखलात. छत्री धरायला हात मोकळा नसतो. इरल्याचे निमुळते टोक डोक्यावर बसते आणि रुंद भाग पाठीवरून खाली येतो. वाकले की पाठ, कंबर सगळे झाकले जाते आणि पाणी मागच्या मागे ओघळून जाते. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या विणायच्या आणि त्यांच्यामध्ये पानांचे थर दाबून बसवायचे, अशी त्याची रचना. पाने कोणती, ते जवळच्या रानात काय मिळते त्यावर ठरते. म्हणजे ही वस्तू उभ्या माणसाच्या नव्हे, वाकलेल्या माणसाच्या मापाने केलेली आहे. 'टोपी' असे लिहिले की ते शेत, तो पाऊस, ती वाकलेली पाठ, सगळेच पाटीवरून पुसले जाते.

आता गावोगाव प्लॅस्टिकची घोंगती आली आहेत. स्वस्त आणि हलकी. भिजलेले इरले किती जड होते हे माहीत असलेल्या कोणत्याही बाईला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण इरले विणणारे हात कमी होत चालले, आणि हात थांबले की शब्दही थांबतात.

रोजच्या वापरातल्या वस्तू जपण्याजोग्या असतात, हे आपल्याकडे एका माणसाने फार लवकर ओळखले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वजऱ्या, कुंकवाचे करंडे जमवायला सुरुवात केली. लोक मोडीत घालत होते ते हे गृहस्थ घरी आणत होते. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. आज तेथे 20,000 हून अधिक वस्तू आहेत. मंडळीतील कुटुंबांनी एकदा जरूर पाहावे. अडकित्त्यांपाशी मुले हमखास रेंगाळतात.

परंतु अडकित्ता पाहून मराठी माणसाला तो कशाचा, हे सांगावे लागत नाही. रानातल्या पाड्यावरची वस्तू शहरात आली की मात्र तिची ओळख देणारे कोणी बरोबर येत नाही. येथे एका मिशनऱ्याचे काम अभ्यासण्याजोगे आहे. पॉल ओलाफ बोडिंग (1865–1938) हे नॉर्वेचे. सांताळ परगण्यात, मुख्यतः दुमका भागात, त्यांनी चार दशकांहून अधिक काळ काढला. त्यांनी सांताळांच्या वापरातील वस्तू जमवल्या, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांचा सांताळी शब्दकोश 1929 ते 1936 या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला. लोककथा गोळा करताना सांताळ सहकारी त्यांच्या सोबत होते, आणि सग्राम मुर्मू यांचे नाव आजही त्या कामाशी जोडलेले आहे. वस्तूला तिच्या लोकांच्या भाषेतले नाव मिळणे म्हणजे काय, हे त्या कोशावरून कळते.

तरीही एक गोष्ट मनाला टोचते. तो वस्तुसंग्रह ऑस्लोला आहे. आपल्या पणजीने वापरलेल्या प्रकारची वस्तू तेथे पाहायची तर सांताळ मुलाला नॉर्वे गाठावे लागेल. बोडिंगांच्या काळी ती वाट सर्वांनाच योग्य वाटत होती. आज दुसरी वाटही दिसते. गुजरातेत तेजगढ येथे आदिवासी अकादमीचे 'वाचा' संग्रहालय राठवांच्या मुलखातच उभे आहे. भोपाळच्या मानव संग्रहालयातील आदिवासी घरे त्या त्या समाजातील माणसांनी स्वतः येऊन बांधली आहेत. मला ही वाट अधिक सरळ वाटते.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण वर्षातून एकदा तरी पाड्यांना भेट देतात. तेथे जुनी कणगी, मासे धरायचा बांबूचा सापळा किंवा भोपळ्याचा डवला दिसला की तो 'आठवण म्हणून' मागू नका. यजमानाला पाहुण्यांना नाही म्हणवत नाही. त्यापेक्षा शेजारी बसा आणि विचारा : मावशी, तुमच्या बोलीत याला काय म्हणता? कोणी केले? कोणत्या महिन्यात लागते? मोडले तर काय करता? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, त्यांची परवानगी असेल तर त्यांच्या नावासकट, आणि एक प्रत पाड्याच्या शाळेत ठेवा. पुस्तकी मराठीत सुधारून लिहू नका. हा मोह मलाही होतो.

त्या दिवशी निघताना मुलीने संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत स्वतःच्या अक्षरात अर्धे पान लिहिले आणि खाली वाकलेल्या बाईचे चित्र काढले. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पाटी बदललेली होती. 'इरले' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. वस्तू मात्र अजून उलटीच होती.