जपान गेला कुठे?

प्रश्न : आमच्या लहानपणी एखाद्या घरी ‘मेड इन जपान’ टेपरेकॉर्डर आला की सगळी चाळ बघायला लोटायची. आज आमच्याकडे टीव्ही कोरियन आणि मोबाइल चिनी. तंत्रज्ञानात जपान अजून जगात पहिला आहे, की ते दिवस सरले?

उत्तर : दुकानात मांडलेल्या वस्तूंपुरतं विचाराल, तर सरले. १९८८च्या सुमारास जगातल्या चिपच्या विक्रीत जवळजवळ निम्मा वाटा जपानी कंपन्यांचा होता. आज तो दहा टक्क्यांच्या आसपास उरला आहे.

याचं बीज आधीच पडलं होतं. डॉलर स्वस्त करण्यासाठी १९८५ साली झालेल्या प्लाझा करारानंतर येन वधारला आणि जपानी माल परदेशात महाग झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं जपानला चिपच्या व्यापारावर करार करायला लावला. तेवढ्यात कोरिया आणि तैवान पुढे सरसावले. थोडी चूक घरचीही होती. १९९९ साली ‘आय-मोड’ सेवेमुळे जपानी लोक मोबाइलवर ई-मेल आणि इंटरनेट वापरू लागले. तेव्हा आयफोन यायला आठ वर्षं होती! पण हे फोन जपानपुरतेच बेतलेले होते, बाहेर ते चालले नाहीत. गॅलापागोस बेटांवरच्या, जगापासून तुटून वाढलेल्या प्राण्यांवरून जपान्यांनीच त्यांना ‘गाराके’ म्हणायला सुरुवात केली.

मात्र नाव दिसत नाही म्हणजे माल नाही, असं समजू नका. तुमच्या चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो घ्या. आपण ते नुसतं पावडरीचं नाव समजतो. खरं तर ते १९०९ साली धंद्यात उतरलेल्या जपानी कंपनीचंही नाव. चव वाढवणाऱ्या या पावडरीसाठी अमिनो आम्लांचं रसायनशास्त्र घोटताना तिच्या संशोधकांना त्याचे दुसरे उपयोगही सापडत गेले. त्यातून एक पातळ, वीज अडवणारी फिल्म तयार झाली. संगणकाचा प्रोसेसर ज्या तळपट्टीवर बसतो, तिच्यातल्या सूक्ष्म तारांच्या थरांमध्ये ही फिल्म असते. आज जगातल्या बहुतेक सगळ्या संगणकांच्या प्रोसेसरखाली ती आहे. म्हणजे मंचुरियन आणि लॅपटॉप या दोघांची कंपनी एकच!

कॅमेऱ्याचंही तसंच. आयफोनमध्ये प्रकाश टिपणारे सेन्सर सोनीचे असतात, हे अ‍ॅपलच्या प्रमुखांनीच २०२२ साली सांगितलं. चिप ‘छापायला’ लागणारा फोटोरेझिस्ट हा रसायनाचा लेप मुख्यतः जपानीच. २०१९ साली जपाननं कोरियाला तो देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा तिथल्या बड्या चिप कंपन्यांचेही धाबे दणाणले.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज : जपानी म्हणजे सगळंच अत्याधुनिक. तिथल्या बऱ्याच कचेऱ्यांत आजही फॅक्स चालतो. सरकारला अर्ज किंवा माहिती फ्लॉपीवर द्या, असे हजाराहून जास्त नियम होते. २०२२ साली डिजिटल मंत्री तारो कोनो यांनी फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं. ते जिंकायला २०२४चा उन्हाळा उजाडला.