मनाज्ञा भाषेचे व्याकरण

कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा

चि. भाच्यास,

मनाज्ञा ही मनावर चालवायची एक काल्पनिक प्रोग्रामिंग भाषा आहे. संगणकात प्रोग्राम लिहिणारा एक आणि तो चालवणारे यंत्र दुसरे. मनाज्ञेत हुकूम सोडणारा, तो ऐकणारा आणि ऐकूनही कानाआड करणारा एकच असतो. तिचा सगळा विक्षिप्तपणा या एका कारणातून निघतो. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ती आधी समजून घ्यावी. तिच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, पण परीक्षेच्या आदल्या रात्री डोक्यात तीच चालू असते.

विक्षिप्त भाषा खऱ्या संगणकालाही आहेत. इंटरकॅल ही भाषा 1972 साली प्रिन्स्टन विद्यापीठात डॉन वुड्स आणि जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी थट्टा म्हणून रचली. तिच्यात हुकुमांना अधूनमधून ‘प्लीज’ लावावे लागते. एक पंचमांशाहून कमी हुकुमांना ते लावले तर प्रोग्राम उद्धट म्हणून परत येतो. एक तृतीयांशाहून जास्त हुकुमांना लावले तर लाळघोट्या म्हणून. 1990 च्या आवृत्तीत तिला ‘कम फ्रॉम’ हा हुकूमही मिळाला. ‘गो टू’ने अमुक ओळीवर जाता येते. ‘कम फ्रॉम’ त्याच्या उलट: कुठली तरी लांबची ओळ चालू ओळीवरचे काम उचलून स्वतःकडे नेते आणि चालू ओळीत त्याचा मागमूसही नसतो.

मनाज्ञेत उडी मारायची हीच रीत आहे. डोळे ‘ॲरे’च्या व्याख्येवर असतात, रस्त्यावर पवनीच्या एसटीचा हॉर्न वाजतो आणि मन पवनीच्या बाजारात जाऊन उभे राहते. ॲरेच्या व्याख्येत एसटी कुठेच लिहिलेली नाही. म्हणून अशा वेळी दोष धड्यात किंवा स्वतःच्या बुद्धीत शोधत बसू नये. रस्त्यापासून दूर, मागच्या खोलीत बसावे.

नकारार्थी हुकूम हा या भाषेतला सर्वांत घातक प्रकार. औषध घेताना माकड आठवायचे नाही, असे पथ्य सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी 1987 साली तिचाच प्रयोग केला, फक्त माकडाच्या जागी पांढरे अस्वल घेतले. पाच मिनिटे अस्वल मनात आणू नका, आलेच तर घंटी वाजवा, असे विद्यार्थ्यांना सांगितले. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे मोकळीक मिळाल्यावर तर या विद्यार्थ्यांना सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही अस्वल जास्त आठवले. अस्वल मनात नाही ना, हे तपासायचे तर मनाला अस्वल समोर आणावेच लागते. ‘मोबाईल बघायचा नाही’ हा हुकूम याच जातीचा. त्यापेक्षा मोबाईल शेजारच्या घरी ठेवायला द्यावा, त्यात व्याकरणाचा संबंधच येत नाही.

काळजी ही मनाज्ञेतली लूप. लूपला थांबण्याची अट लागते. धानाच्या रोवणीत ती जमिनीवरच आखलेली असते. बाई एका हातात पऱ्ह्यांची पेंडी धरते, दुसऱ्या हाताने तीनचार रोपे चिखलात खोचते, पाऊल मागे घेते, पुन्हा खोचते. टाच धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागली की बांधी संपली. काळजीच्या बांधीला धुरा नसतो. निकालाचे काय होईल, ही ओळ कितीही वेळा चालली तरी तिच्यातून उत्तर निघत नाही, कारण उत्तर विद्यापीठाकडे असते. इथे बाहेरून अट घालावी लागते. ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 साली नोंदवले की अर्धवट राहिलेली कामे पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी त्यात उपयोगाची भर घातली: काम झाले नाही, तरी ते केव्हा आणि कसे करायचे एवढे नीट ठरवले की त्याचे मध्येच डोकावणे कमी होते. म्हणून राहिलेले काम डोक्यात न ठेवता वहीत उतरवावे, आणि पुढे वार व वेळ घालावी.

वार-वेळ नसलेल्या हुकुमाला मनाज्ञा आपण होऊन एक किंमत देते, ‘उद्या’. ‘अभ्यास करावा’ याचा अर्थ ती ‘उद्यापासून करावा’ असा लावते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 च्या लेखात यावरचा उपाय सविस्तर मांडला: संकल्प ‘अमुक झाले की तमुक करीन’ या साच्यात बांधायचा. ‘रोज गणित सोडवावे’ असे लिहू नये. ‘रात्री जेवून ताट घासून ठेवले की गणिताची वही उघडावी’ असे लिहावे. ताट रोजच घासले जाते, त्यामुळे आठवण ठेवण्याचे काम ताटाकडे जाते.

मराठीत मनाज्ञेच्या सर्वांत जवळ जाणारी खरी रचना सतराव्या शतकातली आहे, समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’. एकूण श्लोक 205, वृत्त भुजंगप्रयात. प्रत्येक चरणात चार यगण, म्हणजे 12 अक्षरे. वृत्ताचा इथे तांत्रिक उपयोगही आहे. एक अक्षर गळले तर चाल अडखळते आणि म्हणणाऱ्याला चूक तिथल्या तिथे कळते. पोथी हाताशी नसली तरी मजकूर सहसा बिघडत नाही. नमनाचा श्लोक झाला की मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक येते. इंटरकॅलने थट्टेत घातलेली सभ्यतेची अट इथे गंभीरपणे पाळलेली दिसते: मनाला पुढे खडे बोल पुष्कळ आहेत, पण ओळख आदराने झालेली आहे. त्यानंतरच्या श्लोकात पहाटेची वेळ बांधून दिली आहे, म्हणजे ‘उद्या’ला वाव नाही. पाचव्या श्लोकात वाईट संकल्प सोडायला सांगून लगेच पुढच्या चरणात चांगला संकल्प हाती दिला आहे. सहाव्यात मात्र नकारांची रांग लागते. निव्वळ रचना म्हणून पाहिले तर पाचवा श्लोक सहाव्यापेक्षा सरस म्हणावा लागतो. भाविकांना हे मत पटणार नाही.

हा प्रोग्राम दुसऱ्या भाषेतही चालला. दक्षिणेतल्या तमिळ मुलुखातले सूफी कवी शाह तुराब यांनी त्याच धर्तीवर दख्खनीत ‘मनसमझावन’ लिहिले. देव, धर्म आणि बोली बदलली, तरी मनाला समोर बसवून समजावण्याची पद्धत टिकली.

मनाला दोन दिवसांत नवा प्रोग्राम बसवून देण्याची जाहिरात आता शहरोशहरी दिसते. त्यातले बरेचसे 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी काढलेल्या ‘न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग’वरून घेतलेले असते. नाव भारदस्त आहे, पण त्यातल्या मुख्य दाव्यांना संशोधनाचा आधार फारसा मिळालेला नाही. अशा वर्गाची फी भरू नये. तेवढ्या पैशांत सत्राची पुस्तके येतात.

मनाज्ञेत पहिला प्रोग्राम एकाच ओळीचा लिहावा. त्यात एक रोजचे काम, त्याला जोडून एक नवे काम आणि नव्या कामाची हद्द, एवढेच असावे: ताट घासले की वही उघडावी, तीन गणिते झाली की मिटावी. एखाद्या रात्री ओळ चालली नाही तर दुसऱ्या दिवशी सहा गणितांचा दंड लावू नये, तीनच सोडवावीत. ही ओळ पंधरवडाभर चालली की मगच दुसरी लिहावी.



मामा